पाटकऱ्याच्या अंगणात नकली गवत

आमच्या घराच्या दारापासून गेटपर्यंत बावीस फूट अंतर आहे. ते पार करायला माझ्या आईला अकरा महिने लागले. त्यातला बराचसा उशीर आप्पांमुळे झाला, थोडा माझ्यामुळे, आणि उरलेला मातीमुळे.

आधी माती सांगतो. कोल्हापुरात फुलेवाडीच्या पुढं, रिंगरोडच्या कडेला आमची कॉलनी आहे. सहा वर्षांपूर्वी इथं ऊस होता. मग प्लॉट पडले, ऊस गेला, माणसं आली. पण हे मातीला कुणी कळवलं नाही. ती अजून उसाचीच माती म्हणून वागते. काळी, चिकट, एकदा धरलेलं पाणी न सोडणारी. पावसाळ्यात चप्पल घालून गेटपर्यंत गेलं की माणूस दोन इंच उंच होतो. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. त्या भेगांत आमच्या दोन किल्ल्या, एक कंगवा आणि माझ्या मोबाईलचं कव्हर गेलंय. शिवाय जमिनीत जुनी खोडकी राहिल्यामुळं अधूनमधून कुठूनही ऊस उगवतो. एकदा बाथरूमच्या पाईपाशेजारी उगवला होता. आम्ही तो खाल्ला. चव बरी होती.

गेल्या ऑगस्टात आई या अंगणात घसरली. गेटवर बायडाबाईची भाजीची गाडी आली होती आणि आई वांगी निवडायला निघाली होती. चौथ्या पावलाला ती खाली बसली. म्हणजे बसली असं आम्हाला वाटलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आत रॉड बसला, आणि आई पुढच्या खोलीतल्या कॉटवर आली ती तिथंच राहिली. मार्चमध्ये डॉक्टर म्हणाले, "आता वॉकर घेऊन चाला. घरातल्या घरात नको, बाहेर मोकळ्यावर चाला. हा पावसाळा असाच बसून काढलात तर पाय कायमचा असाच राहणार."

आई म्हणाली, "डाक्टर, आमच्यात मोकळं न्हाय. भेगा तरी असत्यात, न्हायतर चिखोल तरी."

भेगांचं तिनं करून बघितलं होतं. वॉकरचा पुढचा पाय एका भेगेत गेला तो मी आणि आप्पांनी मिळून ओढून काढला. त्यानंतर तिनं अंगणाचं नाव टाकलं. घरात कॉटपासून स्वयंपाकघरापर्यंत नऊ पावलं होतात आणि मग भिंत येते.

बायडाबाईची गाडी रोज नऊला यायची. आई खिडकीच्या गजाला धरून तिच्याशी बोलायची.

"बायडे, ही वांगी कवाची?"

"आजची की ओ, आक्का!"

"आजची म्हंजे कुठल्या आजची?"

मग मी मध्ये. बायडाबाई देईल ती वांगी मी आत न्यायचो. आई ती दाबून, देठ बघून, माझ्याकडं बघायची. त्या नजरेत वांग्यांपेक्षा माझ्याबद्दल जास्त असायचं. आईची मागणी एवढीच होती, की एकदा स्वतःच्या पायानं गेटपर्यंत जायचं आणि गाडीतलं वांगं स्वतःच्या हातानं निवडायचं. बाकी जगानं तिला निराश केलं तरी चालणार होतं.

माझी बहीण दीक्षा वारणानगरला कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. तिचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. तिनं फोनवर सांगितलं, "जुलैपर्यंत आई अंगणात चालायला लागली तर ठीक. नाहीतर मी तिला इकडं आणणार. इथं निदान लांब गॅलरी आहे, फरशी आहे. तुम्ही दोघं तिचा पाय घालवणार."

आईनं फोन खाली ठेवला आणि म्हणाली, "तिसऱ्या मजल्यावर भाजीची गाडी येत न्हाय."

आता माझं सांगतो. माझं नाव प्रसेनजीत. मी टर्फवर काम करतो. टर्फ म्हणजे जाळी बांधलेलं मैदान, खाली प्लास्टिकचं गवत. लोक तासावर बुक करून येतात, फुटबॉल नाहीतर क्रिकेट खेळतात, आणि तास संपला की मी शिट्टी वाजवतो. शिट्टी वाजली की लोक मला शिव्या देतात. हीच माझी नोकरी.

एप्रिलमध्ये मालकानं मैदानावरचं गवत बदललं. जुनं कुठं टाकायचं हा त्याच्यापुढं प्रश्न होता. मी म्हणालो, मी नेतो. हिरवं, सपाट, धुता येणारं, भेगा न पडणारं. वॉकरसाठी यापेक्षा चांगलं काय असणार? मी ते गुंडाळून टेम्पोतून घरी आणलं. उतरवायला सहाजण लागले. गवत इतकं जड असतं हे गाईम्हशींनी कधी कुणाला सांगितलं नाही.

आणि इथं आप्पा आले.

माझ्या वडिलांचं नाव यल्लाप्पा. मलकापूर रोडवर आमचं गाव आहे, आणि तिथल्या पाणीपुरवठा संस्थेवर आप्पा एकतीस वर्षं पाटकरी होते. नदीचं पाणी मोटारीनं वर यायचं आणि कुणाच्या उसाला किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत सोडायचं, ते आप्पा ठरवायचे. ज्याच्या त्याच्या पाळीला व्हॉल्व्ह उघडायचे, पाळी संपली की बंद करायचे. गावात आमची वस्ती सगळ्यात शेवटची. प्यायचं पाणी आमच्यापर्यंत कायम शेवटी यायचं, आलं तर. आणि अख्ख्या गावाच्या उसाच्या पाण्याची किल्ली मात्र आप्पांच्या खांद्यावर. मोठमोठ्या मिशांची माणसं सकाळी आमच्या दारात येऊन "यल्लाप्पा, तेवढं आजच्या पाळीचं" असं हळू आवाजात म्हणायची. ती लोखंडी किल्ली अजून आप्पांच्या कॉटखाली आहे. आई म्हणते, लग्नात एवढी कशाची काळजी घेतली नव्हती.

पाणी वाया घालवणं हा आप्पांच्या मते खुनाच्या खालोखालचा गुन्हा होता. खुनाला निदान काही कारण असतं. आमचे शेजारी जोतीराम काका हे आमच्याच गावचे. वीस वर्षांपूर्वी ते दारं धरायला, म्हणजे सरीत पाणी वळवायला गेलते आणि बांधावर झोपलेते. रान भरून पाणी ओढ्याला गेलं. आप्पांनी त्यांची पुढची पाळी बंद केली. आता दोघांचे प्लॉट शेजारीशेजारी आहेत. जोतीराम काका आजही आप्पांना पाटकरी म्हणूनच हाक मारतात, आणि त्या पाळीची आठवण महिन्यातून एकदा तरी काढतात.

टर्फवर गवत अंथरायचं काम ज्ञानू नावाचा माणूस करतो. त्याला मी घरी बोलावलं. त्यानं अंगणात पाय रोवला, काढला, बुटाला लागलेली माती बघितली आणि म्हणाला, "काका, आधी ही माती नऊ इंच काढायची. मग मुरूम, मग खडी, खडीत भोकं पाडलेला पाईप. आन् सगळ्याला गटाराकडं उतार. त्याच्यावर गवत. गवतानं पाणी जात न्हाय, उतारानं जातंय."

आप्पांनी विचारलं, "किती वर्षं करतोयस ह्ये?"

"चार."

"मी एकतीस वर्षं पाणी फिरवलंय. तू मला उतार शिकीवतोस व्हय?"

ज्ञानू समजूतदार आहे. त्यानं चहा पिला आणि गेला.

पुढचे आठ दिवस आप्पांनी अंगण स्वतः केलं. माती काढली नाही. काळी माती काढायची म्हणजे त्यांना आपलीच कातडी काढल्यासारखं वाटत असावं. त्यांनी ती भिजवली, धुमसानं ठोकली, गवंड्याची पाण्याची नळी धरून पातळी बघितली. सकाळी एका कोपऱ्यात मी नळी धरून उभा, दुसऱ्या कोपऱ्यात आप्पा. "अर्धा सूत वर हाय तुझ्याकडं." पुन्हा ठोक. "आता पाव सूत." पुन्हा ठोक. शेवटी अंगण इतकं सपाट झालं की त्यावर पाणी ओतलं तर त्याला कुठं जावं ते सुचू नये. वर त्यांनी चारी बाजूंनी हातभर रुंदीचा छोटा वरंबा घातला.

"आप्पा, ह्यो बांध कशाला?"

"कड धराय नको?"

मला वाटलं, एकतीस वर्षं पाणी फिरवलेला माणूस आहे. एकतीस वर्षं त्यांनी पाणी फक्त रानात घातलं होतं, रानातून कधीच काढलं नव्हतं, हे माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं. आलं नाही. हा तो माझा थोडा उशीर.

मेच्या शेवटी गवत अंथरलं. कापून बसवलं तेव्हा मैदानाचा नेमका गोलसमोरचा भाग आमच्या वाट्याला आला. पांढऱ्या रेषा, अर्धवर्तुळ आणि पेनल्टीचा ठिपका. तो कपडे धुवायच्या दगडापुढं पडला. कोल्हापुरात पेनल्टीचा ठिपका दिसला आणि माणूस गप्प बसला असं होत नाही. जोतीराम काकांचं वय सदुसष्ट. ते आत आले, ठिपक्यावर नारळाची करवंटी ठेवली, चार पावलं मागं गेले आणि मारली. करवंटी आमच्या दारावर आपटली. "गोल," ते म्हणाले आणि घरी गेले.

गवतात रबराचे बारीक काळे दाणे असतात. ते अंथरुणात आले, आमटीत आले, आप्पांच्या कानात आले. आई म्हणाली, मोहरीची फोडणी दिल्यागत झालंय घर. पण ती बाहेर आली. उंबऱ्याबाहेर वॉकर ठेवला, खाली बघितलं आणि म्हणाली, "हिरवं हाय."

पहिल्या दिवशी सहा पावलं झाली. दुसऱ्या दिवशी नऊ. वॉकर आधी पुढं टाकायचा, मग दुखरा पाय, मग चांगला पाय, मग थांबायचं. एका पावलात माणसाला चहा पिऊन होईल. पाचव्या दिवशी ती चौदा पावलं चालून पेनल्टीच्या ठिपक्यावर पोचली आणि घाम पुसत उभी राहिली. गेटबाहेर बायडाबाईची गाडी होती. आईनं ती लांबून न्याहाळली.

"थांब बायडे. चार दिवसात येतीया मी."

"या की, आक्का! म्या काय पळून चाललीया?"

त्या संध्याकाळी पाऊस लागला आणि तीन दिवस लागूनच राहिला.

चौथ्या दिवशी उघडलं. वरून अंगण धुऊन निघालं होतं, गवत कॅलेंडरवरच्या चित्रासारखं चमकत होतं. पाणी कुठं दिसत नव्हतं. आप्पा कमरेवर हात ठेवून उभे होते. "बघ," ते म्हणाले. मी पहिलं पाऊल टाकलं आणि माझ्या पायाखालचं अंगण खाली गेलं. गेटाजवळ गवतावर मांजर बसलं होतं, ते दोन इंच वर आलं. मी पाय उचलला. मांजर खाली गेलं. मांजरानं माझ्याकडं बघितलं, मी आप्पांकडं बघितलं.

सगळं पाणी खाली होतं. चारी बाजूंनी वरंबा, तळाला ठोकून घट्ट केलेली काळी माती, मध्ये चार बोटं पाणी आणि त्यावर तरंगणारं अर्धं फुटबॉलचं मैदान.

आई दारात आली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिनं वॉकर टाकला, पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. वॉकरचे पुढचे पाय दबले, कडेनं पाण्याची चिळकांडी उडाली आणि आप्पांची पँट गुडघ्यापर्यंत भिजली. आई तिथंच उभी राहिली. बराच वेळ. मी धरायला गेलो तर तिनं मानेनं नको म्हटलं. मग ती जागच्या जागी वळली. त्या वळण्याला चहाचे चार कप झाले असते. उंबऱ्याच्या आत गेल्यावर म्हणाली, "मी न्हाय आता येत."

त्यानंतरचे पंधरा दिवस आप्पांनी उपाय केले. आधी गवताची कड उचलून मगानं पाणी उपसलं. उपसलेलं पाणी पेरूच्या आळ्यात घातलं. पेरूचं आळं अंगणातच आहे. मग त्यांनी पहार घेऊन गवताला भोकं पाडली, पाणी खाली मुरावं म्हणून. खाली मुरायला जागा नव्हती. त्यामुळं गवतावर पाय दिला की भोकांतून कारंजी उडायची. दीड मिनिटभर आमचं अंगण महाद्वार रोडवरच्या लग्नाच्या हॉलसारखं दिसलं.

मग आप्पा कुंपणाशी गेले. "जोतीराम, तुझ्या अंगणातलं पाणी माझ्यात उतरतंय. आजपासनं पाळी. सोमवार, बुधवार, शुक्रवार तुझं पाणी तू धरायचं. बाकीचे दिवस मी बघतो."

"पाऊस माझ्या पाळीला पडला तर?"

"तुझ्यात धर."

"धरू कशात? पातेल्यात?"

"ते तुझं तू बघ. पाळी म्हंजे पाळी."

आणि खरं सांगतो, जोतीराम काकांनी सोमवारी कुंपणाकडेला वाळूची पोती टाकली. पाटकऱ्यानं सांगितलं म्हटल्यावर हात आपोआप चालले असणार. गुरुवारी रात्रभर पाऊस पडला. त्याला वेळापत्रक मिळालं नव्हतं.

जूनच्या शेवटी गवताला टेंगळं यायला लागली. आधी मला वाटलं बेडूक असतील. पण टेंगळं रांगेत होती. तीन तीन फुटांवर, सरळ, दोरी लावल्यासारखी. आठवड्यात पेनल्टीच्या ठिपक्यातून एक हिरवा कोंब बाहेर आला. ऊस. अख्ख्या अंगणाला ऊस आला होता. आप्पा गुडघ्यावर बसले, टेंगळं मोजली, हातानं चाचपली. त्यांच्या तोंडावर जे आलं ते लपवायला त्यांना जमलं नाही.

"एकसारखा उगवलाय," ते म्हणाले. "कडंपासनं कडंपर्यंत. कुठं तूट न्हाय."

खिडकीतून आई म्हणाली, "लय चांगलं झालं. तोड आली की मला बी मोळीत बांधून पाठवा."

जोतीराम काका कुंपणावर हात टेकून बघत होते. "पाटकरी," ते म्हणाले, "दारं मोडा की आता."

"कुठं मोडू?"

"गटारात. दुसरं कुठं?"

"चांगलं पाणी गटारात सोडू?"

"आता हे बघा. तवा माझी पाळी बंद केलतीसा, तवा मी झोपलोतो. झोपलेल्या माणसाकडनं चूक व्हती. तुमी जागं राहून भरवलंयसा की ओ."

आप्पा उठले आणि आत गेले. दोन दिवस बाहेर आलेच नाहीत. कॉटवर बसून किल्लीला तेल लावत होते. ज्या किल्लीनं उघडायचं असं काहीच उरलं नव्हतं, तिला.

शनिवारी दीक्षाचा फोन आला. उद्या सकाळी गाडी घेऊन येते म्हणाली. आई भांडली नाही. मला वाटलं होतं भांडेल. तिनं फोन मला दिला आणि माळ्यावरची बॅग काढायला सांगितली.

"दोन पातळं घाल. औषधाची पिशवी वर ठेव, वाटंत लागंल."

"आई, चार दिवसांनी उघडीप आहे म्हणतात."

"आसंल." ती भिंतीला टेकून बसली. "मला आता दमायला झालंय बाबा. चालून दमत्यात लोक. मी न चालता दमलीया."

आप्पा खुर्चीत बसले होते. ती त्यांच्याकडं बघून म्हणाली, रागानं नाही, बाजारला जाताना सांगावं तसं, "तुमी हितंच रहा. पाण्याजवळ."

आप्पा उठले, दाराआडचं खोरं घेतलं आणि बाहेर गेले. दुपारचे चार वाजले होते. मी मागोमाग गेलो. त्यांनी गेटाकडची गवताची कड धरली आणि एकट्यानं ओढायला लागले. सहाजणांचं वजन. मी दुसरी कड धरली.

"प्रसन्या," ते म्हणाले, "त्या ज्ञानूला फोन लाव."

"काय सांगू?"

"चहाला ये म्हणावं." मग जरा थांबून, "येताना खडी आण म्हणावं."

गवत अर्धं गुंडाळलं. खाली काळं पाणी होतं आणि त्यात उसाचे पांढुरके कोंब रांगेनं उभे होते, कवायतीला उभे असल्यासारखे. आप्पांनी गटाराच्या बाजूचा वरंबा फोडला. पुढं कुंपणाची भिंत होती. पलीकडून पहारीचा आवाज आला. जोतीराम काका रस्त्यावर, गटारात पाय सोडून बसले होते आणि भिंतीच्या तळाला भोक पाडत होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. वीस वर्षं ते या कामाची वाट बघत असावेत.

एक वीट निसटली. पाणी आधी तिथं थांबलं, विचार केल्यासारखं, आणि मग वळलं. आप्पांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं आणि मोठ्यानं, गावभर ऐकू जावं असं म्हणाले, "चार चाळीस!"

भिंतीपलीकडून जोतीराम काका ओरडले, "आलं, आलं! पाणी आलं!"

ही त्यांची जुनी पद्धत. व्हॉल्व्ह उघडणाऱ्यानं वेळ सांगायची आणि रानातल्यानं पाणी पोचल्याचं सांगायचं. दोघांचेही आवाज बसके होते. रस्त्यावरून जाणाऱ्या एका माणसानं गाडी थांबवून विचारलं, "काय, लाईन फुटली व्हय?" जोतीराम काका म्हणाले, "न्हाय ओ पावणं, पाळी सुरू हाय."

ज्ञानू टर्फवरची उरलेली खडी, मुरूम आणि भोकांचा पाईप घेऊन आला. त्यानं 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं नाही. मी म्हटलं ना, समजूतदार आहे. तो म्हणाला, "सगळं आज व्हणार न्हाय. दारापास्नं गेटापर्यंत एक पट्टा करू. तीन फुटाचा."

"उतार किती?" आप्पांनी विचारलं.

"फुटाला पाव इंच."

"कुणीकडं?"

ज्ञानूनं गटाराकडं बोट केलं. आप्पांनी तिकडं बघितलं, मान हलवली आणि नळी उचलली.

अंधार पडेपर्यंत आम्ही चर खणला. काळी माती खोऱ्याला चिकटायची, खोरं झाडलं तर हाताला चिकटायची, हात झाडला तर तोंडाला. सकाळी उजाडता उजाडता पुन्हा लागलो. पाईप टाकला, खडी ओतली, मुरूम दाबला. आप्पा दर दोन फुटांवर नळी धरायचे. "पाव इंचाला एक केस कमी हाय." ज्ञानू म्हणाला, "काका, केस चालतोय." आप्पा म्हणाले, "मला न्हाय चालत." गवताचा तीन फुटांचा पट्टा कापून वर बसवला. पेनल्टीचा ठिपका त्यातच आला, मधोमध भोक पडलेला. दोन्ही बाजूंना उघडा चिखल, तोडलेले कोंब आणि गुंडाळलेलं मैदान. अंगण युद्ध हरल्यासारखं दिसत होतं.

साडेआठला एक जोराची सर आली. आप्पा, ज्ञानू, जोतीराम काका आणि मी दारात उभे राहून बघत होतो. पाणी गवतातून खाली गेलं. भिंतीच्या भोकातून बाहेर पडायला लागलं. मी पट्ट्यावर पाय दिला. काही हललं नाही. मांजर लांब बसून बघत होतं. त्याचा अजून विश्वास नव्हता.

नऊला दीक्षाची गाडी आली. पाठोपाठ बायडाबाईची. दीक्षा चिखल बघून गेटातच थांबली. "हे काय केलंय? बॅग कुठंय?" बॅग दारात होती. आई बॅगेशेजारी, वॉकर धरून उभी होती.

तिनं पट्ट्याकडं बघितलं. मग आप्पांकडं. आप्पांच्या भुवयांवरही माती होती.

"खाली काय हाय?" तिनं विचारलं.

"काय न्हाय," आप्पा म्हणाले. "पाणी सोडलं."

"सगळं?"

"सगळं."

तिनं वॉकर पुढं टाकला. पाऊल टाकलं, थांबली, वजन देऊन बघितलं. मग दुसरं. आप्पा पट्ट्यावर आले नाहीत. ते शेजारून चिखलातून चालत होते, घोट्यापर्यंत रुतत, तिच्या वेगानं. हात धरला नाही, नुसते बरोबर. नऊ झाली. भिंत आली नाही. चौदाव्या पावलाला पेनल्टीचा ठिपका आला. जोतीराम काकांनी कुंपणावरून श्वास रोखला, पण तोंडातून शब्द काढला नाही. त्यांच्या आयुष्यातला हा एकमेव असा प्रसंग असावा. विसाव्या पावलाला आई थांबली, डोळे मिटून उभी राहिली. दीक्षानं गाडीचं दार उघडून धरलं होतं. तिनं ते बंदही केलं नाही आणि सोडलंही नाही.

अठ्ठाविसाव्या पावलाला गेट आलं. आई गाडीच्या उघड्या दारावरून पुढं गेली आणि बायडाबाईच्या गाडीला हात टेकून उभी राहिली. श्वास जागेवर येऊ दिला. मग एक वांगं उचललं. दाबलं. देठ बघितलं. उलटं करून बघितलं. दुसरं उचललं.

"बायडे, ही कवाची?"

"आजची की, आक्का."

आईनं तिसरं वांगं दाबलं. तिचा चेहरा पडला. "आजचीच हाईत," ती म्हणाली.

"मग काय सांगत हुती मी वरीसभर?"

"दे अर्धा किलो. आता आलीया तर."

दीक्षा म्हणाली, "आई, बसतेस ना गाडीत?"

"ती बॅग आत ठेव," आई म्हणाली. "आन् प्रसन्या, खुर्ची आण. लगीच अठ्ठावीस पावलं परत कोण चालतंय?"

मी खुर्ची आणली. आई गेटात बसली, मांडीवर वांगी घेऊन. बायडाबाईनं गाडी जागची हलवली नाही. अकरा महिन्यांचं बोलायचं राहिलं होतं. दीक्षा गाडीचं दार लावून बोनेटला टेकली. ज्ञानू पायरीवर बसल्या बसल्या झोपला.

आप्पा आणि जोतीराम काका गटाराच्या कडेला उभे होते. भोकातून अजून बारीक धार येत होती.

"कुठं जात आसंल हे?" आप्पांनी विचारलं.

"नाल्याला. नाल्यातनं पंचगंगेला."

"तितनं?"

"नृसिंहवाडीला. तितं कृष्णेत."

आप्पांनी हाताची वाळलेली माती खरवडली. "म्हंजे वाडीच्या पुढं," ते म्हणाले, "कुणाच्या तरी पाळीला लागंल."

"लागंल की," जोतीराम काका म्हणाले. "झोपला नसंल तर."

बारा वाजले तरी सगळे तसेच होते. अंगणाचं अजून दोन तृतीयांश काम राहिलं होतं आणि माझी टर्फवर जायची वेळ झाली होती. मी खिशातली शिट्टी काढली आणि वाजवली.

कुणी हललं नाही.